अंगी लागत नाही

मंडळी, पंधरा वर्षांपूर्वी तापीकाठच्या एका गावातली आजी नातीला घेऊन माझ्याकडे आली. मुलगी नऊ वर्षांची, दिसायला सहाची. हातपाय काडीसारखे, पोट तेवढं पुढे आलेलं. काय होतंय म्हणून विचारलं, तर आजी म्हणाली, "खास, पन आंगले लागत नही." म्हणजे खाते, पण अंगी लागत नाही. मी केसपेपरवर लिहिलं: भूक बरी, रक्त कमी. जंताचं औषध दिलं, लोहाचं टॉनिक दिलं आणि पुढचा पेशंट बोलावला.

आजीनं निदान सांगितलं होतं. मला ते ऐकू यायला तीन वर्षं लागली.

या आजाराचं नाव सिलिॲक. गहू, जव आणि राय नावाचं धान्य यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उठते. आतड्याच्या आतून मखमलीसारखी लव असते, अन्न शोषायचं काम तिचं. ती झडत जाते, सपाट होते. लोह प्रामुख्यानं शोषलं जातं ते आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि मार सर्वांत जास्त बसतो तोही तिथेच. म्हणजे माझं टॉनिक चांगलंच होतं, पण त्याला उतरायला घाटच उरला नव्हता.

मग तीन वर्षं काय झालं? दरवेळी काही ना काही पटणारं उत्तर सापडत गेलं. हगवण लागली, तर पाणी खराब. उंची वाढेना, तर आईच बुटकी. रक्त वाढेना, तर आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहेच, म्हणून त्याची तपासणी केली. तो निघाला नाही. एका ठिकाणी पोटाचा क्षय असावा अशीही शंका घेतली गेली. शेजारच्या बायकांनी नजर काढली. माझ्या टॉनिकला आणि त्यांच्या मिठमोहऱ्यांना गुण सारखाच आला, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

खूण समोरच होती. दिवाळीनंतर ती मुलगी दोन-अडीच महिने सातपुड्याच्या पायथ्याला मामाकडे राहिली आणि गालांवर मांस घेऊन परत आली. सगळे म्हणाले, मामाकडचं पाणी मानवलं. मीही मान डोलावली. मामाच्या घरी मका आणि ज्वारीच्या भाकरीशिवाय काही शिजत नव्हतं, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. घरी आली, रेशनच्या गव्हाच्या पोळ्या सुरू झाल्या, आणि महिन्याभरात पुन्हा तीच गत.

यात मी एकटाच शहाणा ठरलो असं नाही. १९२४ साली न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी हास यांनी अशा मुलांना केळी खाऊ घालून बरं केलं. केळी पिकवणारी रावेर-यावलची मंडळी समोर बसलीत, तुम्हाला ऐकून बरं वाटेल! पण त्या पथ्यात पाव बंद होता, गुण होता तो त्याचा. श्रेय गेलं केळ्याला. मुलं बरी झाली म्हणून पुन्हा पाव खाऊ लागायची आणि पुन्हा आजारी पडायची. गव्हावर बोट ठेवलं ते हॉलंडच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञानं. त्याला संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे उपासमार झाली, पाव मिळेना, आणि एरवी खंगणारी ही मुलं सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा ढासळली. १९५० साली त्यानं हे प्रबंधात मांडलं. त्याला जे दुष्काळात दिसलं, ते मला मामाच्या घरात दिसायला हवं होतं.

आपल्याकडच्या उशिराला आणखी एक कारण आहे: "हा पंजाब-राजस्थानचा आजार, आपण भाकरी खाणारी माणसं." २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात उत्तरेत शंभरात सव्वा, दक्षिणेत हजारात एक असं प्रमाण आढळलं. पण या आजाराला लागणारी जनुकं दोन्हीकडे साधारण सारखीच निघाली. ताटातल्या गव्हात मात्र मोठा फरक होता. आता आपलं ताट बघा. माझ्या आजोबांच्या घरी रोज दादर ज्वारीची नाहीतर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी, गहू फक्त मांड्यांना आणि भंडाऱ्याच्या पंगतीतल्या बट्टीला. आज डब्यात पोळी, चहाबरोबर बिस्कीट, उन्हाळ्यात कुरडया. भाकरी खाणारे आपण आता नावापुरते उरलो आहोत.

शेवटी त्या मुलीचं रक्त टीटीजी, म्हणजे या आजाराची रक्तातली खूण शोधणाऱ्या तपासणीसाठी पाठवलं, आकडा भरपूर वाढलेला आला. दुर्बिणीतून आतड्याचे तुकडे घेऊन पक्कं केलं.

इथे एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो, कारण हल्ली उशीर उलट्या बाजूनं होतो. एक तरुण शिक्षक आले. मोबाईलवर वाचून त्यांनी तीन महिन्यांपूर्वीच गहू सोडला होता आणि नंतर तपासणी केली. रिपोर्ट स्वच्छ. तो तसा येऊ शकतो, गहू बंद झाला की हळूहळू रक्तातल्या खुणा ओसरतात. खरं काय ते कळायला पुन्हा किमान सहा आठवडे रोज गहू खावा लागतो. ते म्हणाले, "डॉक्टर, मेलो तरी खाणार नाही." अजून त्यांना नक्की काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा संशय आला, तर आधी रक्त द्या, पोळी नंतर सोडा.

मुलीचा गहू बंद केला, तरी सहा महिन्यांनी आकडा हवा तसा उतरेना. आजी शपथा घ्यायला लागली. मग लक्षात आलं, गिरणी! आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झाला की त्याच दगडावर हिची ज्वारी. हिंगाच्या डबीवर वाचलं, तर त्यातही गव्हाचं पीठ. आजीनं माळ्यावरचं जातं काढलं, त्याच्या दगडांना टाकी लावून घेतली आणि रोज पहाटे दळायला बसली. वर्षभरात मुलीची उंची बहिणींच्या बरोबरीला यायला लागली.

आता दुसरी कबुली. आई-वडील आणि भावंडं यांचीही तपासणी करायची असते, त्रास असो वा नसो, कारण जवळच्या नात्यात धोका बराच जास्त. तिचा धाकटा भाऊ गुटगुटीत होता, म्हणून मी त्याला सोडून दिलं. यंदा ती मुलगी, आता चांगली चोविशीची, त्याला हाताला धरून दवाखान्यात घेऊन आली. "माझ्या वेळी तीन वर्षं गेली, याची बारा गेली," म्हणाली. हसत म्हणाली, पण म्हणाली. त्याचाही रिपोर्ट तसाच आला. मी त्याला सगळं समजावलं: आतडं, लव, रक्त, हाडं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "डॉक्टर, बट्टी बी बंद का?"