चिठ्ठी टाकण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते एका तत्त्वज्ञाबद्दल, पण त्याच्याकडे जायची वाट एका बाळावरून जाते.

१९७५ साल. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातलं एक रुग्णालय. तिथे एक नवजात मुलगी आहे, आई तिला तिथेच ठेवून निघून गेलेली. मुलीनं पोटात शी केली होती. हे शब्द ऐकल्याबरोबर घरातल्या जाणत्या बायका का घाबरतात, ते तुम्हाला सांगायला नको. ती घाण श्वासाबरोबर फुफ्फुसांत गेली होती. व्हेंटिलेटर लावूनही मुलगी निळी पडत चालली होती. रॉबर्ट बार्टलेट या सर्जननं तिला एका यंत्राला जोडलं. त्याला एक्मो म्हणतात. मानेतल्या शिरेत नळी घालून रक्त बाहेर काढायचं, एका पडद्यावरून फिरवून त्यात प्राणवायू भरायचा, गरम करायचं आणि पुन्हा शरीरात सोडायचं. तेवढे दिवस फुफ्फुसांना विश्रांती. मुलगी जगली. परिचारिकांनी तिला नाव दिलं, त्याचा स्पॅनिश भाषेत अर्थ होतो आशा.

आता पुढचं नीट ऐका. एक बाळ जगलं, म्हणून उपचार चांगला ठरतो का? यंत्रात रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ करायचं औषध द्यावं लागतं, आणि मग इवल्याशा मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती. काही डॉक्टर म्हणत, हे वरदान आहे. काही म्हणत, हे नसतं धाडस आहे. याचा निकाल लावायचा तर अर्धी बाळं यंत्रावर, अर्धी नेहमीच्या उपचारावर ठेवून बघायला हवं. आणि कुठलं बाळ कुठे, ते चिठ्ठीनं ठरवायला हवं.

बार्टलेटसमोर पेच पडला. ज्यानं डोळ्यांदेखत बाळं वाचताना पाहिलीत, त्यानं चिठ्ठी कशी टाकायची? मिशिगन विद्यापीठात त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगळी युक्ती वापरली. समजा एका भांड्यात दोन चेंडू आहेत, एक यंत्राचा, एक नेहमीच्या उपचाराचा. जो उपचार यशस्वी होईल, त्याचा आणखी एक चेंडू टाकायचा. अपयश आलं तर दुसऱ्या उपचाराचा चेंडू टाकायचा. म्हणजे जिंकणाऱ्या उपचाराकडेच बाळं जास्त जाणार.

पहिल्या बाळाला यंत्र मिळालं. जगलं. आता भांड्यात यंत्राचे दोन चेंडू, दुसरा एकच. दुसऱ्या बाळाच्या वेळी नेमका तो एकच निघाला. बाळाला नेहमीचा उपचार मिळाला आणि ते गेलं. त्यानंतरची सगळी बाळं यंत्रावर गेली आणि सगळी जगली. एकूण १२ बाळं. यंत्रावर ११, अकराही जगली. नेहमीच्या उपचारावर १, ते गेलं. १९८५ साली हे छापून आलं आणि वाद पेटला. एका बाळाच्या मृत्यूवरून काय सिद्ध होतं? तेच बाळ सगळ्यांत जास्त आजारी असेल तर?

मग बॉस्टनच्या डॉक्टरांनी चाचणी घेतली. नियम केला, एका बाजूला चार मृत्यू झाले की चिठ्ठ्या बंद. नेहमीच्या उपचारावर १० बाळं होती, त्यांतली ४ गेली. यंत्रावर ९ होती, नऊही जगली. ठरल्याप्रमाणे चिठ्ठ्या थांबल्या. पुढची २० बाळं यंत्रावर गेली, त्यांतली १९ जगली.

हे आकडे मी कितीदा वाचले असतील, पण त्या चारांपाशी मला थांबावंच लागतं. ती चार बाळं कुणाची तरी होती. आणि त्यांच्या आईवडिलांना चाचणी चालू आहे हेच सांगितलेलं नव्हतं. ज्यांच्या वाट्याला यंत्र आलं, फक्त त्यांचीच संमती घेतली होती. कारण दिलं गेलं की, जे मिळणार नाही ते सांगून त्यांना उगाच दुःख कशाला द्यायचं. मला हे पटत नाही, कधीच पटलं नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांटनं १७८५ साली लिहून ठेवलंय की माणसाला नुसतं साधन म्हणून वापरायचं नाही. त्या आईवडिलांना दुःखापासून वाचवता वाचवता त्यांच्या बाळांचा वापर झाला. बोलता बोलता सांगतो, सही आणि संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारीक अक्षरातली पानंच्या पानं पुढे करून खाली सही घेतली तर ती नुसती सही. समोर बसून, समजेल अशा शब्दांत सांगून घेतली तर ती संमती.

पण आता नाण्याची दुसरी बाजू. चाचणीच्या आधीची नोंद होती की असल्या १३ बाळांपैकी ११ दगावली. म्हणजे नेहमीच्या उपचारानं जवळजवळ कुणीच वाचत नाही, असं सगळ्यांना वाटत होतं. चाचणीत काय दिसलं? दहातली सहा वाचली. पुन्हा सांगतो, दहातली सहा. जुना अनुभव इतका फसवा असू शकतो.

इथे आपला तत्त्वज्ञ येतो. बेंजामिन फ्रीडमन, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातला. मिशिगनचा निकाल आला होता, बॉस्टनचा यायचा होता, त्या मधल्या काळात, १९८७ साली, त्याचा लेख आला. विषय होता इक्विपॉइज, म्हणजे तराजूचा काटा मधोमध उभा असणं. तोवर समज असा होता की चिठ्ठी टाकणाऱ्या डॉक्टरच्या मनात काटा अगदी मधोमध हवा. फ्रीडमन म्हणाला, असा काटा एका रुग्णाच्या अनुभवानंही हलतो. मग कुठलीच चाचणी पुरी होणार नाही. खरा प्रश्न एका डॉक्टरच्या मनाचा नाहीच. जाणकारांमध्ये प्रामाणिक मतभेद आहे का, हे बघा. मतभेद असेल तर चिठ्ठी टाकणं नीतीला धरून आहे, मग तुमचं स्वतःचं मत काहीही असो. मतभेद मिटला की त्याच क्षणी चिठ्ठी बंद. लक्षात घ्या, एकाचं मत नाही, सगळ्या जाणकारांचं.

तत्त्वज्ञान शिकवताना आपण नुसत्या वादांची यादी पाठ करून घेतो, उपयुक्ततावाद, कर्तव्यवाद. अशा एका पेचात विद्यार्थ्याला उभं केलं तर त्या शब्दांत जीव येईल, असं मला फार वाटतं.

फ्रीडमन १९९७ साली गेला, ऐन उमेदीत. त्याच्यावर टीकाही झाली. २००३ साली फ्रँकलिन मिलर आणि हॉवर्ड ब्रोडी यांनी म्हटलं की संशोधन आणि उपचार ही दोन वेगळी कामं आहेत, उपचाराची नीती संशोधनाला लावू नका. मी फ्रीडमनच्या बाजूचा. आजारी बाळ घेऊन आलेल्या आईला समोर डॉक्टर दिसतो, संशोधक दिसत नाही.

आणि एक्मोचं काय झालं? ब्रिटनमध्ये १८५ बाळांची मोठी चाचणी झाली, आईवडिलांना विचारून. यंत्राकडे पाठवायच्या ९३ पैकी ३० दगावली, नेहमीच्या उपचारावरच्या ९२ पैकी ५४. फरक स्पष्ट दिसताच नोव्हेंबर १९९५ मध्ये नवी बाळं घेणं थांबवलं. त्या आईवडिलांशी नंतर संशोधक जाऊन बोलले. आधी सांगितलेलं असूनही, आपल्या बाळासाठी चिठ्ठी का टाकली, हे त्यांच्यातल्या अनेकांना नीट उमगलेलं नव्हतं.