वेळापत्रकात जागा हवी

मंडळी, शाळा परंपरा जपतात हे वाक्य आपण फार सहज बोलून जातो. पण परंपरांचं मोठं नुकसानही कित्येक ठिकाणी शाळेतच झालंय. हवाई बेटांवर १८९६ साली कायद्यानं इंग्रजी हेच शिक्षणाचं माध्यम ठरलं. शाळेत हवाईयन बोललं की शिक्षा. पुढे आईवडिलांनीच मुलांशी ती भाषा बोलणं सोडलं, आणि भाषेबरोबर मंत्र, वंशावळी, समुद्राची जाण हेही विरत गेलं. मग १९८४ साली काही शिक्षक-पालकांनी ‘पूनाना लेओ’ ही बालवाडी काढली. तिथे पहिल्या दिवसापासून फक्त हवाईयन. सरकारी शाळांत या माध्यमावर तेव्हा बंदी होती. ती १९८६ साली उठली आणि पुढच्याच वर्षी तिथेही हवाईयन माध्यमाचे वर्ग सुरू झाले. आधी बालवाडी, मग कायदा, हा क्रम ध्यानात घ्या.

दुसरं उदाहरण मला फार प्रिय आहे. स्पेनमध्ये एल्चे शहराजवळ पुसोल नावाची ग्रामीण वस्ती आहे. तिथल्या छोट्या शाळेत १९६८ साली एका शिक्षकानं एक उपक्रम सुरू केला. मुलं परिसरातल्या वृद्धांकडे जातात. हे अवजार कशाचं, ते धरायचं कसं, शेवटचं कधी वापरलं, असं विचारतात. उत्तरं टिपून घेतात, वस्तूंची नोंद करतात. यातून शाळेतच संग्रहालय उभं राहिलं, आणि पाहुण्यांना ते फिरवून दाखवतात तीही मुलंच. आपलं ज्ञान आता कुणाच्या उपयोगाचं नाही असं वाटू लागलेल्या म्हाताऱ्या माणसासमोर एखादी दहा वर्षांची मुलगी वही उघडून बसते, तेव्हा त्या दोघांनाही काय मिळत असेल! २००९ साली युनेस्कोनं वारसा-जतनाच्या उत्तम उपक्रमांत पुसोलचा समावेश केला.

त्याच वर्षी त्याच यादीत इंडोनेशियातल्या पेकालोंगान शहराचं बाटिक-शिक्षणही आलं. बाटिक म्हणजे वितळलेल्या मेणानं कापडावर नक्षी काढून ते रंगवण्याची कला. तिथे बाटिक संग्रहालयाच्या मदतीनं प्राथमिक शाळेपासून तंत्रशिक्षणापर्यंत बाटिक शिकवतात. मुलांच्या हाती ‘चांटिंग’ येतं, म्हणजे मूठ असलेली, बारीक चोचीची तांब्याची इवलीशी वाटी. मेण गार झालं तर चोचीतून उतरत नाही, फार तापलं तर कापडावर फाकतं. हे फळ्यावर लिहून कसं शिकवणार? शेजारी जाणता कारागीरच बसायला हवा.

वार्षिक समारंभातल्या पारंपरिक नाचाला माझा विरोध नाही, मुलांना त्यात आनंद मिळतो. पण आठवडाभर तालीम आणि दहा मिनिटं रंगमंच एवढ्यावर कला पुढच्या पिढीकडे जात नाही. तिला वर्षभर, दर आठवड्याला, वेळापत्रकात तास हवा. तो तास घ्यायला येणारे गायक, विणकर, कथेकरी यांना इतर शिक्षकांसारखं नियमित मानधन हवं. पदवी नाही म्हणून त्यांना वर्गाबाहेर उभं करणारे नियम असतील, तर ते आधी बदलायला हवेत.