पाणी शुद्ध आहे, हे कोणी सांगायचे?

मित्रहो, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा पिण्याजोगे करता येते का, हा प्रश्न तंत्रज्ञानापुरता केव्हाच निकालात निघाला आहे. नामिबियाची राजधानी विंडहुक येथे १९६८ पासून शुद्ध केलेले सांडपाणी थेट शहराच्या नळपुरवठ्यात मिसळले जाते, आणि त्यासाठी कारखान्यांचे सांडपाणी घरगुती सांडपाण्यात येऊ न देण्याची दक्षता तिथे घेतली जाते. त्यामुळे आज मी यंत्रांविषयी फारसे बोलणार नाही. हे पाणी पिण्याजोगे आहे असे सांगण्याचा अधिकार कोणाला असावा, आणि त्याच्या शब्दावर लोकांनी कशाच्या आधारे विसंबावे, हा आजचा विषय आहे. त्यासाठी मी ऑस्ट्रेलियातील दोन शहरांची उदाहरणे घेतो, कारण देश एक, तंत्र जवळजवळ एक आणि पाण्याची निकड दोन्हीकडे सारखी असूनही निकाल मात्र उलटे लागले.

टुवूंबा हे क्वीन्सलँड राज्यातील डोंगरमाथ्यावरचे शहर. २००६ च्या सुमारास दीर्घ दुष्काळामुळे तिथल्या धरणांचा साठा तळाला चालला होता. नगरपालिकेने सांडपाणी अतिसूक्ष्म गाळण, रिव्हर्स ऑस्मोसिस (दाब देऊन पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून ढकलणे) आणि अतिनील किरण अशा टप्प्यांतून नेऊन धरणात सोडण्याची योजना मांडली. केंद्र सरकारने निधी देताना सार्वमताची अट घातली, आणि २९ जुलै २००६ रोजी सुमारे ६२ टक्के मतदारांनी योजना फेटाळली. शेवटी दुसऱ्या धरणातून जलवाहिनी टाकून, डोंगर चढवून पाणी आणावे लागले.

या निकालाकडे अडाणीपणाचे किंवा किळसेचे उदाहरण म्हणून बोट दाखवले जाते. मला ते अन्यायाचे वाटते. औषधांचे अंश, संप्रेरके, रुग्णालयांतून येणारे पाणी यांचे काय होणार, आणि काही बिघडले तर उत्तर कोण देणार, असे प्रश्न लोक विचारत होते. कोणत्याही जबाबदार नागरिकाने विचारावेत असेच ते प्रश्न होते. पिण्याच्या पाण्यात पुनर्प्रक्रिया केलेले पाणी मिसळण्यासंबंधीची ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली ती २००८ मध्ये, म्हणजे मतदान होऊन गेल्यावर. ज्या कसोटीवर पाणी पारखायचे ती कसोटीच हातात नसताना लोकांकडून होकार मागितला गेला, आणि तोही धरणे आटत आल्यावर, घाईघाईने. अशा वेळी माणूस नाही म्हणतो, त्यात नवल ते काय?

पर्थची वाट निराळी होती. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या या राजधानीच्या परिसरात १९७० च्या दशकापासून पाऊस घटत गेला आणि धरणांत येणारा ओघ त्याहून कितीतरी अधिक घटला. तिथल्या सरकारी पाणी महामंडळाने बीनयप येथे आधी चाचणी प्रकल्प उभारला आणि २०१० ते २०१२ या काळात शुद्ध केलेले पाणी, शहर ज्यातून पिण्याचे पाणी उपसते त्या खोल भूजलात सोडून पाहिले. दोनशेहून अधिक घटक तपासले जात होते. प्रकल्पाशेजारी लोकांसाठी भेट केंद्र होते आणि तपासणीचे निकाल सर्वांना पाहता येत होते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाणी बनवणारे महामंडळ आणि पाण्याला मान्यता देणारा आरोग्य विभाग यांच्या जबाबदाऱ्या लेखी कराराने वेगळ्या केलेल्या होत्या. २०१३ मध्ये सरकारने पूर्ण प्रकल्पाची घोषणा केली आणि २०१७ पासून वर्षाला १४ अब्ज लिटर क्षमतेने पुनर्भरण सुरू झाले. पुढे ही क्षमता दुप्पट करण्यात आली.

या व्यवस्थेतील एका बारकाव्यापाशी मी थोडा थांबणार आहे, कारण नियमन म्हणजे नेमके काय ते तिथे दिसते. ऑस्ट्रेलियाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कच्च्या सांडपाण्यापासून पिण्याच्या पाण्यापर्यंत विषाणूंचे प्रमाण ९.५ लॉगने कमी व्हावे लागते; एक लॉग म्हणजे दहापट घट. साध्या शब्दांत सांगायचे तर, सुमारे तीन अब्ज विषाणूंमागे एखादाच शिल्लक राहावा. आता रिव्हर्स ऑस्मोसिसच्या पडद्याची प्रयोगशाळेत चाचणी घेतली, तर तो विषाणूंना फार मोठ्या प्रमाणात अडवतो असे दिसते. पण प्रकल्प चालू असताना क्षणोक्षणी विषाणू मोजता येत नाहीत. मोजता येते ती पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे पडद्यापलीकडे किती क्षार निसटले ते. विषाणू क्षाराच्या कणापेक्षा कितीतरी मोठा असतो, त्यामुळे क्षार अडला तर विषाणू अडलाच असे धरता येते. तरीही नियामक त्या पडद्याच्या खात्यावर विद्युतवाहकतेवरून सिद्ध होईल तेवढेच श्रेय जमा करतो, साधारण दीड-दोन लॉग, आणि उरलेली भरपाई दुसऱ्या अडथळ्यांनी करून दाखवायला लावतो. ठरवलेली मर्यादा ओलांडली गेली, तर ते पाणी भूजलाकडे न जाता बाहेर वळवले जाते.

यंत्र प्रत्यक्षात जे करते त्यापेक्षा कमीच मान्य करायचे, आणि जेवढे दर क्षणी दाखवता येईल तेवढेच मान्य करायचे, ही शिस्त मला फार मोलाची वाटते. अभियंत्यांना ती कधीकधी जाचक वाटते, कारण तिच्यामुळे खर्च वाढतो. पण पाणी पिणाऱ्याच्या घरात प्रयोगशाळा नसते. त्याच्या वतीने अविश्वास दाखवणारा, आणि त्यासाठी पगार घेणारा कोणीतरी असला, तरच तो स्वतः निर्धास्तपणे पेला तोंडाला लावू शकतो. टुवूंबाच्या मतदारापुढे असा कोणी उभा नव्हता. योजना मांडणारे आणि ती सुरक्षित आहे असे सांगणारे एकाच बाजूचे दिसत होते.

आपला या विषयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी, काही प्रक्रिया झालेले तर काही न झालेले, नद्यांवाटे भीमेत आणि भीमेतून उजनी धरणात जाते. सोलापूर शहर उजनीचे पाणी पिते. म्हणजे सांडपाण्याचा पिण्यासाठी पुनर्वापर आपल्याकडे चालूच आहे. फक्त त्याला कोणी तसे म्हणत नाही, आणि म्हणत नसल्यामुळे त्याचे तसे नियमनही होत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस १०५००, पण महापालिकांच्या नळपुरवठ्यावर ते कायद्याने बंधनकारक नाही. पाणी पुरवणारी संस्था आणि त्याच्या गुणवत्तेची ग्वाही देणारी संस्था बहुतेक ठिकाणी एकच असते.

उद्या एखाद्या महापालिकेने शुद्ध केलेले सांडपाणी धरणात सोडण्याचा प्रस्ताव आणला, तर त्या सभेत मी यंत्रांचा तक्ता सर्वांत शेवटी मागेन. त्याआधी मला तीन गोष्टी पाहायच्या आहेत: कारखान्यांचे पाणी त्या गटारांत येऊ नये म्हणून कोण, कुठे आणि किती वेळा तपासणी करतो, मर्यादा ओलांडली गेल्यास झडप बंद करण्याचा हुकूम पाणी विकणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या हाती आहे का, आणि मागच्या वर्षभराचे सगळे निकाल, चुकलेल्या दिवसांसह, मराठीत वाचायला मिळतात का. यातले पहिले आणि तिसरे काम उजनीच्या बाबतीत आजच सुरू करता येईल. त्यासाठी नवा प्रकल्प लागत नाही, निधीही फार लागत नाही, आणि दुष्काळाची वाट तर मुळीच पाहावी लागत नाही.