घरातलं बोलणं घरातच

(पहाटेचं वडगाव. बंद दारांमागून यंत्रमागांचा आवाज.)

हा आवाज आधी नीट ऐका. बेळगावच्या दक्षिणेला वडगाव, शहापूर, खासबाग. इथे दिवस उजाडतो तोच या खडखडाटात. लोकांच्या तो इतका अंगवळणी पडलाय की माग थांबले तरच कुणीतरी दारात येऊन विचारतं, ‘लाईट गेली काय गा?’

याच आवाजाने आमच्या मामाच्या घरातली एक लाकडी पेटी चार महिने बहिरी होती. हाकेवर उजेड करणाऱ्या त्या पेटीची ही गोष्ट.

(आजीचे हात. खाटेला टेकवलेली काठी.)

ही माझी आजी. वय ८४. खाट या भिंतीला, बटणांचा बोर्ड समोरच्या भिंतीवर दारामागे. मधे नऊ पावलं. रात्री उठायचं झालं की आधी ही नऊ पावलं अंधारात चालायची, मग उजेड. गेल्या पावसाळ्यात ती याच नऊ पावलांत पडली आणि तिचं मनगट मोडलं. नंतर खाटेजवळ वेगळं बटण बसवून बघितलं. अंधारात ते हाताला लागेना, लागलं तर दुखऱ्या हाताने दबेना.

आवाज मात्र अजून खणखणीत आहे. अंगणातून हाक मारली तर गल्लीच्या टोकाला ऐकू जाते.

(मामा लेथवर. उद्यमबाग.)

हे मामा. उद्यमबागेत लेथवर ३० वर्षं काढली. बोललं की ऐकणारे स्पीकर बाजारात तयार मिळतात, हे त्यांना माहीत होतं. पण त्यांनी माझ्या मामेबहिणीला एकच प्रश्न विचारला, ‘आपण आतल्या खोलीत काय बोलतो ते बाहेरच्याने कशाला ऐकायचं?’

प्रश्न साधा आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. बहुतेक तयार स्पीकरची रीत अशी की त्याचं नाव घेतलं की पुढचं बोलणं इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातं. अर्थ तिथे लागतो, हुकूम तिथून परत येतो. २०१९ साली बातम्या आल्या की अलेक्सा सुधारण्यासाठी ॲमेझॉनची माणसं काही रेकॉर्डिंग प्रत्यक्ष ऐकतात. २०२३ साली लहान मुलांचे आवाज साठवून ठेवल्याच्या प्रकरणात याच कंपनीने अमेरिकेत अडीच कोटी डॉलर दंड भरायचं कबूल केलं. ॲमेझॉनच्याच काही इको स्पीकरवर रेकॉर्डिंग बाहेर न पाठवण्याची सोय होती, तीही २८ मार्च २०२५ पासून बंद झाली. मामेबहिणीने हे सगळं जेवताना वाचून दाखवलं. मामांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, ‘मग आपणच करू की.’

(टेबल. सोल्डरचा धूर. जवळून दृश्य.)

हा माईक बघा. रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान गोल पट्टी. आवाज आत जातो तो सुईच्या टोकाएवढ्या भोकातून, आणि ते भोक आहे खालच्या बाजूला. पहिल्यांदा आम्ही तो उलटा बसवला होता. शेजारी ईएसपी३२-एस३ नावाचा बोर्ड, म्हणजे वायफाय असलेला बोटभर संगणकच. माईक त्याला दर सेकंदाला आवाजाची १६,००० मापं देतो. तिसरा छोटा ॲम्प्लिफायर, चौथा स्पीकर. चारही वस्तू मिळून दोन हजार रुपयांच्या आत बसल्या.

आणि हे लाल बटण. ते दाबलं की माईकचा वीजपुरवठाच तुटतो. प्रोग्राममधून माईक बंद करता आला असता, पण मामांना तार तुटलेली डोळ्यांनी दिसायला हवी होती. ते आजीला बोटाने दाखवतात, ‘आई, हे लाल दिसलं की याला काही ऐकू येत नाही.’

पेटीचा मेंदू दुसऱ्या खोलीत आहे. एक जुना संगणक, त्यावर होम असिस्टंट. घरातली उपकरणं चालवणारा, पॉलस स्काउटसेन यांनी २०१३ साली सुरू केलेला हा खुला प्रोग्राम, म्हणजे कुणीही फुकट घेऊन बदलावा असा. २०२३ हे अख्खं वर्ष त्या मंडळींनी आवाजावरच्या कामाला दिलं होतं, म्हणून आमच्यासारख्यांना वाट सापडली. आधी रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकावर करून बघितलं. आजी बोलायची आणि आठ-दहा सेकंद कोणीच काही बोलायचं नाही. तेवढ्यात ती उठून चालायला लागायची.

(गच्ची. लांबवर डोंगर.)

हाक मारायला नाव हवं. पहिलं नाव ठेवलं ‘बाळा’. पण आजी दिवसभर सगळ्यांनाच बाळा म्हणते. मला, दूधवाल्याला, मांजरालासुद्धा. पेटी सारखी जागी व्हायची. मग गच्चीवरून येळ्ळूरच्या डोंगरावरचा राजहंसगड दिसला आणि नाव सापडलं. राजहंस. घरात रोज कुणी हा शब्द उच्चारत नाही, आणि आजीला तो एका दमात म्हणता येतो.

बोर्डाला हे नाव शिकवायचं म्हणजे ते हजारो वेळा, वेगवेगळ्या गळ्यांतून ऐकवायचं. लिहिलेलं बोलून दाखवणाऱ्या पायपर नावाच्या खुल्या प्रोग्राममध्ये हिंदी आवाज आहेत. राजहंस हिंदीतही राजहंसच, म्हणून तिथून हजारो नमुने तयार केले. त्यात गल्लीतल्या लोकांचे खरे आवाज घातले. ही रांग बघा, शाळेतून आलेली पोरं, किराणा दुकानदार, भाजीवाल्या मावशी, सगळे फोनपुढे उभे राहून राजहंस म्हणतायत.

(यंत्रमाग. पुढेमागे धावणारा धोटा.)

तरी दिवसा पेटी ऐकेना. रात्री अकरानंतर, माग थांबल्यावर, पहिल्या हाकेला उठायची. सकाळी सात वाजले की ठार बहिरी. आमचं घर आणि शेजारचे माग यांच्या मधे एकच भिंत आहे.

शेवटी मामेबहीण रेकॉर्डर घेऊन त्या मागांमधेच जाऊन बसली. तासभर. एक माग, चार माग, धागा तुटून थांबलेला माग, परत सुरू होताना घेतलेला झटका, सगळं टिपून आणलं. राजहंसच्या प्रत्येक नमुन्याखाली तो खडखडाट मिसळला आणि शिकवणी पहिल्यापासून घेतली. ज्या आवाजाने पेटी बहिरी झाली होती, त्याच आवाजात तिला ऐकायला शिकवलं.

(सकाळी सात. आजी. पेटीवरचा निळा ठिपका उजळतो.)

हा निळा ठिपका तीन आठवड्यांनी उजळला. माग चालू असताना.

(संगणकाचा पडदा.)

नाव ऐकलं, पुढचं बोलणं कळायला हवं. नाव ऐकू येईपर्यंत बोर्ड एकही तुकडा वायफायवर सोडत नाही. मग आवाज जातो दुसऱ्या खोलीतल्या संगणकाकडे. तिथे आधी होता व्हिस्पर, बोललेलं लिहून काढणारा, ओपनएआयने २०२२ साली खुला केलेला. तो ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकलाय, पण त्यातलं जवळजवळ दोन तृतीयांश इंग्रजी, आणि मराठीचा वाटा अगदी नगण्य. शिवाय दोन सेकंदांचं वाक्य असलं तरी तो ३० सेकंदांचा तुकडा धरूनच तपासतो. आजी म्हणायची ‘लाईट घाल’ आणि पडद्यावर उमटायचं ‘लाइट गाल’.

मग आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत गटाचं, हेच काम करणारं खुलं मॉडेल बसवलं. २२ अनुसूचित भाषांसाठी केलेलं. घ आणि ग वेगळे झाले. त्या दिवशी मामेबहिणीने पडद्याचा फोटो काढून मला पाठवला होता, फक्त दोन शब्दांचा.

आता ‘घाल’ या शब्दाबद्दल. पुण्यात लाईट लावतात, आमच्याकडे घालतात. फॅन घालतात, मोटर घालतात. शेजारच्या अक्का कन्नडमध्ये म्हणतात ‘लाईट हाकु’. त्यांचं हाकु आणि आमचं घाल, अर्थ एकच. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून इथल्या पाट्यांवरच्या भाषेबद्दल पुष्कळ बोललं गेलंय. स्वयंपाकघरात, खाटेवर, मागावर बसून माणसं जे बोलतात, ते मात्र आमच्या घरात कधी कुणी लिहून ठेवलं नव्हतं. ते पहिल्यांदा या पडद्यावर लिहिलं गेलं. बघा:

[जरा] (लाईट|बत्ती) (घाल|लाव) [गा|की|बाळा]

गोल कंसातला कुठलाही एक शब्द म्हणायचा. चौकोनी कंसातला शब्द म्हटला तरी चालतो, न म्हटला तरी चालतो. आजी यंत्रालाही ‘गा’ लावल्याशिवाय बोलत नाही, म्हणून ‘गा’ कंसात आला.

या ओळीत आधी ‘दिवा’ पण होता. एका संध्याकाळी पेटीशी बोलून झाल्या झाल्या आजी मामीला म्हणाली, ‘देवाजवळ दिवा लाव.’ आणि ट्यूबलाईट लागली. दिवा त्याच रात्री काढला. तो देवाचाच राहिला.

(स्वयंपाकघर. मामेबहीण फोनपुढे, दार लावून.)

पेटीने उत्तर द्यायला हवं. यंत्राचा मराठी आवाज लावून बघितला, आजी दचकली. ‘कोण बाई आलीय घरात?’ उत्तरं लागणार तरी किती? घातली आजी. बंद केली आजी. परत सांग आजी. तीसेक वाक्यं. ती मामेबहिणीने स्वतःच्या आवाजात भरली, कुकर उतरवून, पंखा बंद करून.

(लाकडावर रंधा. भुसा.)

पेटीचं लाकूड आजोबांच्या हातमागाचं. शहापुरी साड्या विणायचा तो माग कधीच मोडला, चौकटीचा सागवान माळ्यावर पडून होता. हा गुळगुळीत भाग कुठल्याही रंध्याने झालेला नाही. पन्नास वर्षं आजोबांचा हात तिथे टेकायचा. मामांनी तो भाग तासला नाही, पुढच्या बाजूलाच ठेवला. पत्र्याची पेटी त्यांना सहज करता आली असती, पण पत्रा वायफाय अडवतो. आत माईक आणि स्पीकरच्या मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा आहे, नाहीतर पेटी स्वतःचाच आवाज ऐकत बसते.

बटणांच्या बोर्डामागे रिले, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणारं बटण, बसवायला वायरमन आले. जुन्या घराच्या बोर्डात न्यूट्रलची तारच नव्हती, ती छतावरून नव्याने ओढावी लागली. २३० व्होल्टचं काम, घरच्यांनी हात घातला नाही. जुनं बटण तसंच ठेवलंय, हातानेही लाईट लागते.

(मामेबहीण इंटरनेटची तार उपसते. एकही तुकडा न कापता.)

हे दृश्य आम्ही एका दमात घेतलंय. बाहेरून येणारी इंटरनेटची तार काढली. फोनवर बघा, नेट नाही. घरातलं वायफाय आणि संगणक इन्व्हर्टरवर चालू. आता आजी.

(‘राजहंस, लाईट घाल गा.’ उजेड. ‘घातली आजी.’)

बोललेलं या दोन खोल्यांच्या बाहेर गेलं नाही. साठवलंही नाही. त्यानंतर आजी ती नऊ पावलं अंधारात चाललेली नाही.

(दार. शेजारच्या अक्का आत येतात.)

अक्का रोज चारला चहाला येतात. त्या दिवशी त्यांनी पेटीकडे बघून कन्नडमध्ये सांगून बघितलं. राजहंस नावाला उठली, पण पुढचं तिला कळलं नाही. ‘परत सांग आजी,’ म्हणाली. अक्का तिला परत सांगत राहिल्या, प्रत्येक वेळी थोडं मोठ्याने.

(टेबल. दुसरा बोर्ड, दुसरा माईक. फोनचं रेकॉर्डिंग सुरू.)

ही दुसरी पेटी अक्कांच्या घरासाठी. लाकूड त्याच मागाचं. मॉडेल तेच, त्यात कन्नडही आहे. मामेबहिणीने वही उघडलीय आणि अक्का एकेक वाक्य सावकाश सांगतायत. लाईट हाकु. फॅन हाकु. लाईट बंद माडु. मधूनच आजी खाटेवरून विचारते, ‘आणि गा कुठं लावणार त्याला?’