काका, पट्टा लोंबतोय

नमस्कार मंडळी.

रेडिओवर बोलायचंय म्हटल्यावर घरातनं पहिला सल्ला आला तो असा, की हातवारे करू नका, कुणाला दिसत नाहीत. आता झालंय काय, मी बोलणार उडण्याबद्दल, आणि उडणाऱ्या माणसाची निम्मी गोष्ट हातानंच सांगायची असते. तेव्हा जरा सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणारा माणूस. सहा दिवस लोखंडाचा कीस झटकायचा आणि रविवारी क्लबातल्या मंडळींबरोबर डोंगरावर जाऊन हँग ग्लायडर उडवायचा, असा आमचा उद्योग. क्लब म्हणजे फार काय नाही, एक जुनी जीप, चार पंख, आणि सात माणसं, त्यातलं एक डॉक्टर, एक निवृत्त मास्तर, आणि एक कॉलेजातलं पोरगं ज्याला सगळे बारकं म्हणतात आणि ज्याला अजून वरनं उडी मारायची परवानगी नाही, ते खालच्या टेकाडावर सराव करतं आणि रविवारी वर येऊन आमच्या पंखांच्या तारा धरतं.

आज सांगतोय ते चैत्रातल्या एका रविवारचं. पाडवा होऊन आठवडा झाला असेल, जोतिबाची यात्रा तोंडावर आलेली. आता हँग ग्लायडर घडी करून पिशवीत घातला की साडेपाच-सहा मीटर लांब दांडकं तयार होतं, ते जीपच्या टपावर बांधायचं, पुढं-मागं लाल फडकं लावायचं कारण पोलिसमामा अडवतात, आणि निघायचं. शिवाजी पूल ओलांडला, वडणगे फाटा गेला, केर्लीजवळ आलो तर रस्त्यानं पायी जाणारी मंडळी आमच्या जीपकडं बघून हात जोडायला लागली. एकानं तर आरोळीच ठोकली, जोतिबाच्या नावानं चांगभलं! त्यांना वाटलं सासनकाठी, म्हणजे यात्रेतली देवाची उंच काठी, चाललीय. मास्तर पुढं बसलेले, त्यांनी पण तितक्याच जोरात चांगभलं म्हटलं आणि वर आम्हाला म्हणाले, "गप बसा रे, देवाच्या नावानं आलेला नमस्कार परत करायचा नसतो." पुढच्या वळणावर एका पोरानं पळत येऊन पिशवीवर गुलाल पण टाकला.

आमची जागा वाघबीळच्या पुढं आहे, डोंगराची एक सोंड, तोंड पश्चिमेला. नेमकी कुठं ते सांगत नाही, कारण ज्यांची जमीन आहे त्यांना गर्दी नकोय आणि आम्हाला त्यांच्याशी गोडीगुलाबीनं राहायचंय. उजळाईवाडीचं विमानतळ शहराच्या पार पलीकडच्या अंगाला, तिकडच्या आकाशात आमचं काही काम नाही, आणि परवानगीचं जे काय असतं ते मास्तर बघतात, त्यांना कागदाची हौस आहे.

आता हा पंख म्हणजे काय ते सांगतो. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर जाड सिंथेटिक शीड, टोकापासनं टोकापर्यंत साधारण १० मीटर, वजन ३० किलोच्या आसपास, म्हणजे सिमेंटच्या पोत्यापेक्षा कमीच पण पोतं वाऱ्यात फडफडत नाही हा फरक. मधोमध एक पट्टा असतो, त्याला माणूस पोटावर लोंबकळतो, पुढ्यात त्रिकोणी दांडी. दांडी स्वतःकडं ओढली की वजन पुढं जातं, नाक खाली, वेग वाढतो. ढकलली की हळू. उजवीकडं वळायचं तर अंग उजवीकडं न्यायचं. बास. स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही, पेट्रोल नाही, आपलं अंग हेच सगळं.

हे काय कुणी एका दिवसात काढलेलं नाही. जर्मनीतला ओटो लिलियेनथाल १८९१ पासनं स्वतः बनवलेल्या पंखांना लोंबकळून टेकड्यांवरनं उडत होता, दोनेक हजार वेळा उडाला आणि १८९६ साली पडून गेला. मग १९४८ मध्ये अमेरिकेत फ्रान्सिस रोगॅलो आणि त्यांची बायको गर्ट्रूड यांनी घरी मोठा फॅन वगैरे लावून मऊ कापडाचा पंख केला, आणि कापड कुठलं तर स्वयंपाकघरातल्या पडद्याचं! आमच्याकडं मी पडद्याला हात लावला तर काय होईल ते सांगायला नको. आणि १९६३ ला ऑस्ट्रेलियात जॉन डिकन्सन यांनी त्या पंखाखाली त्रिकोणी दांडी आणि लोंबकळायचा पट्टा बसवला, मोटरबोटीमागं ओढत उडवला, तिथनं आजचा आमचा पंख आला. तर तो पट्टा ध्यानात ठेवा, आजची गोष्ट त्याच्याभोवतीच आहे.

लोक विचारतात, अहो सगळं जग पॅराग्लायडिंग करतंय, कामशेतला जावा, पाचगणीला जावा, पाठीवर सॅक टाकली की झालं, तुम्ही ही लांबडी काठी कशाला वागवताय? बरोबर आहे, सोय त्यातच आहे. पण त्यात खुर्चीत बसल्यागत बसायचं असतं, आणि ह्यात घारीसारखं आडवं. ज्याला आडवं आवडलं त्याला खुर्ची नको वाटते, दुसरं कारण माझ्याकडं नाही.

तर त्या दिवशी साडेअकराला पंख उभारून झाले. वारा अजून आळशी होता, कधी पाठीमागनं, कधी बंदच. चैत्रात आमच्याकडं असंच, ऊन डोक्यावर आल्याशिवाय खालची हवा जागची हलत नाही. मग बसायचं. भडंग, ताक, आणि पंख वावटळीनं उचलू नये म्हणून प्रत्येकाच्या पंखावर कुणीतरी हात ठेवून. ह्या छंदातला निम्मा वेळ बसण्यातच जातो हे कुणी सांगत नाही. सव्वाला समोरनं वारा लागला, ताशी २० किलोमीटरच्या आसपास, एकसारखा, आणि पहिला नंबर माझा.

टेक-ऑफच्या आधी एक तपासणी असते. पायलटनं पट्टा कॅराबिनरनं, म्हणजे तोंड बंद होणाऱ्या लोखंडी कडीनं, पंखाला अडकवायचा, एकानं पुढनं नाक धरायचं, आणि पायलटनं चक्क आडवं लोंबकळून बघायचं. मास्तर खाली वाकून बघतात, कॅराबिनरचं तोंड बंद आहे ना, मांड्यांतले पट्टे घातलेत ना, पोट दांडीपासनं चार बोटं वर आहे ना. सगळं झालं. ओके म्हणाले. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की व्हॅरिओ जीपच्या बॉनेटवर राहिला. व्हॅरिओ म्हणजे छोटं यंत्र, हवा वर जात असली की पिक पिक करतं, खाली जात असली की रडतं.

आता बघा काय झालं. मी कॅराबिनर सोडला, जीपकडं गेलो, व्हॅरिओ आणला, दांडीला लावला, पंखाखाली शिरलो, पंख खांद्यावर उचलला. अंगात हार्नेस, म्हणजे तो पट्टा ज्याला जोडलेला असतो ते अंगातलं झोळीसारखं जाकीट, डोक्यावर हेल्मेट, छातीवर रिझर्व्ह पॅराशूट, सगळं जिथल्या तिथं. अंगाला काहीच कमी वाटत नाही मंडळी, हेच तर आहे. मघाशी लोंबकळलो होतो ते अंगाला आठवत असतं, मधे सोडलं ते आठवत नाही. मागनं डॉक्टर म्हणतायत, "चला चला, वारा मस्त लागलाय." मी म्हटलं, "सोड." बारकं पुढची तार धरून उभं होतं, ते काय सोडेना. मी परत म्हटलं, जरा चढ्या आवाजातच, "अरे सोड की!" तर ते तार तशीच घट्ट धरून म्हणालं,

"काका, पट्टा लोंबतोय."

मी मान वळवून बघितलं. कॅराबिनर माझ्या पाठीमागं गुडघ्यापाशी लोंबत होता, उन्हात चमकत होता.

पाच-सहा पावलं पळालो असतो की पंखानं हवा धरली असती, आणि मी दांडीला दोन हातानं लोंबकळत दरीवर गेलो असतो. हातानं माणूस किती वेळ धरणार? हँग ग्लायडिंगमध्ये अशी माणसं गेलेली आहेत, शिकाऊ नव्हे, वीस-वीस वर्षं उडणारी, आणि कारण जवळपास हेच, एकदा तपासून झाल्यावर काहीतरी आणायला म्हणून सुटली.

पंख खाली ठेवला आणि मी बसलो. कुणी काही बोललं नाही. डॉक्टर दोनदा घसा खाकरले. मास्तर फक्त एवढंच म्हणाले, "आता तुम्ही शेवटी." तो एक तास मी बारक्याच्या शेजारी तारा धरत काढला. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान पोरगं, अजून वरनं एकदा पण उडालेलं नाही, आणि त्यानं माझ्या चढ्या आवाजाला भीक घातली नाही. मी त्याला सॉरी म्हणालो की नाही आठवत नाही, पण उरलेलं भडंग त्याला दिलं.

अडीचला उडालो. पुन्हा लोंबकळून, पुन्हा मास्तर वाकून, आणि ह्या वेळी अडकवल्यावर सुटायचं नाही, काही विसरलं तर दुसऱ्यानं आणून द्यायचं.

वर गेल्यावर आपल्या तालुक्याचा नकाशा वेगळाच असतो. खालनं बघताना हिरवा ऊस किती छान, पण वरनं तो आमचा वैरी. पाणी पाजलेल्या उसावर हवा थंड, तिथं गेलं की व्हॅरिओ रडायला लागतो आणि आपण दगडासारखं खाली. त्याउलट जांभ्याचा उघडा सडा, नांगरून टाकलेलं रान, आणि सगळ्यात भारी म्हणजे ऊस तुटून गेल्यावर पाचट जाळलेलं काळं शेत. काळं रान तापतं, हवा तापते, हलकी होऊन वर सुटते, त्याला आम्ही थर्मल म्हणतो. पाचट जाळू नये, रानात कुजवावं हे शेतीखात्याचं म्हणणं अगदी खरं आहे, मी पण शेतकऱ्याच्या घरातला आहे, पण त्या रविवारी एका जळक्या एकरानं मला वर ठेवलं ते खोटं कसं बोलू.

त्या काळ्या तुकड्यावर आधीच दोन घारी फिरत होत्या, पंख न हलवता. घार दिसली की व्हॅरिओ बघायची गरज नाही. त्यांच्या मागं शिरलो, आधी एक धक्का, मग पिक पिक पिक, दांडी किंचित ढकलून अंग डावीकडं टाकलं आणि गोल गोल. सेकंदाला दोन मीटर, कधी तीन. आणि वास! जळक्या पाचटाचा वास एवढ्या उंचीवर, कारण ती हवा त्याच रानातनं उठून आलेली. खालनं कुठनंतरी हलगीचा आवाज पण येत होता, यात्रेची तयारी असणार. कोरडी हवा हजार मीटर वर गेली की जवळजवळ १० अंशांनी गार होते, म्हणून आम्ही ३६ अंशात जाडं जॅकेट घालतो आणि गावातली पोरं हसतात, वर मात्र जोतिबाच्या शिखराकडं बघत मी निवांत गारव्यात होतो. पन्हाळा दिसला, पंचगंगेची वळणं दिसली. रंकाळा दिसला म्हणून सांगितलं तर थाप होईल, धुरकट होतं.

जास्तीत जास्त किती लांब जाता येतं असं विचारतात. २०१२ साली अमेरिकेत डस्टिन मार्टिन नावाचा पायलट ७६४ किलोमीटर गेला, इंजिन नाही काही नाही, नुसत्या थर्मलवर. टेक्सासमधल्या ज्या गावातनं तो उडाला त्याचं नाव आहे झपाटा. आपल्या मराठीत पण ह्याला झपाटाच म्हणतात. मी त्या दिवशी गेलो चार किलोमीटर.

कारण आग्नेयेला ढग चढायला लागला. सकाळपासनं कापसाचे तुकडे होते ते ठीक, पण हा एक फुलकोबीसारखा वर वर जात होता आणि बूड काळं पडलं होतं. वळीव. वळवाचा ढग चहूबाजूंनी हवा ओढून घेतो, त्याच्याखाली सापडलं की खाली यायचं म्हटलं तरी येता येत नाही, आणि तो फुटायच्या आधी जे वारं सुटतं ते पत्रे उडवतं, तर आमचं काय. वॉकीवर मास्तरांचा आवाज आला, "सगळ्यांनी खाली." मी म्हटलं पाच मिनिटं. ते म्हणाले, "तुमचं आज बोलणं झालंय." उतरलो.

उतरताना वारा बघायला एका घरामागं वाळत घातलेलं लुगडं कामी आलं, त्याच्या विरुद्ध तोंड केलं, नांगरलेलं रान धरलं, पण शेवटी दांडी ढकलायला अर्धा सेकंद उशीर केला आणि ढेकळात गुडघ्यावर बसलो. त्रिकोणी दांडीची बाजूची नळी वाकली. ती नळी मुद्दाम अशीच असते, ती वाकते म्हणून हात वाचतो. मी लेथवाला, पहिल्यांदा वाकली होती तेव्हा मोठ्या हौशीनं वर्कशॉपात नेऊन सरळ केली होती, ओळखू येणार नाही अशी, तर मास्तरांनी ती माझ्या हातातनं घेऊन दगडावर आपटून कायमची वाकडी केली. वाकून सरळ केलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर भरवसा नसतो. आता नवी नळी घालतो आणि जुन्या नळ्या आमच्या परसात दोडक्याच्या वेलाला लावल्यात.

रानाचे मालक बांधावर आले, वय सत्तरच्या पुढं. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी पंखाकडं बघितलं, आकाशाकडं बघितलं आणि म्हणाले, "आवरा पावणं, वीस मिनटात येतोय." आणि शीड गुंडाळायला स्वतः हात लावला. वीस मिनिटं पण लागली नाहीत, टपोरे थेंब पडले तेव्हा आम्ही पिशवीची चेन ओढत होतो. सकाळचा गुलाल भिजला आणि चेनीत जाऊन बसला. घरी आल्यावर ब्रशनं घासली, रॉकेलनं पुसली. अजून दर रविवारी पिशवी उघडली की बोटं लाल होतात, आणि बारकं विचारतं, "काका, पट्टा?"