एकोणीस जागा

[दृश्य : पहाटेचं मैदान. फळी, बल्ली, दोरी, रंगवलेली पिंपं.]

पुण्याबाहेरचं एक खासगी मैदान. सहा मुली, एक फळी, एक बल्ली, एक दोरी. मधलं पिंप लाल रंगाचं आहे, म्हणजे त्याला ना हात लावायचा, ना पाय. पांढऱ्यावर उभं राहिलं तर चालतं. फळी जेमतेम अर्धा फूट कमी पडते आणि खरी परीक्षा तिथंच सुरू होते. आधी कोण बोलतं? कोण ऐकून घेतं? दुसरीला पलीकडं पोचवून मगच कोण निघतं?

निळ्या टी-शर्टमधली मुलगी पाहा. दोरीची गाठ सुटतेय, तर तिनं एक टोक दातात धरलंय. छातीवर नंबर आहे, नाव नाही. खऱ्या एसएसबीत, म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीत, हे पाच दिवस चालतं आणि तिथंही तिला नंबरानंच हाक मारतात. तिथं कॅमेरा नेता येत नाही, म्हणून आपण ही तालीम पाहतोय.

[दृश्य : वर्ग, फळ्यावर गणितं.]

एनडीए म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तिच्या लेखी परीक्षेत गणिताला ३०० गुण, सामान्य क्षमता चाचणीला ६००. एसएसबीचे ९००. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, शिक्षण बारावी. मुलगा असो की मुलगी, पेपर तोच, वेळ तोच, मुलाखतीचे गुण तेवढेच. शारीरिक निकष तेवढे वेगळे. उंची मुलांना किमान १५७ सेंटीमीटर, मुलींना १५२. मुलींसाठी दर्जा खाली आणला, असं जे छातीठोकपणे सांगतात, त्यांनी हा गुणांचा तक्ता एकदा नजरेखालून घालावा.

[दृश्य : खडकवासल्याचं पाणी, मग सुदान ब्लॉकचा घुमट.]

हा सुदान ब्लॉक, प्रबोधिनीची मुख्य इमारत. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सुदाननं १ लाख पौंड दिले, त्यातून हा लाल दगड इथं उभा राहिला. प्रबोधिनीची कोनशिला १९४९ साली पंडित नेहरूंनी बसवली. तेव्हापासून २०२१ पर्यंत प्रवेशाच्या जाहिरातीत एक अट कायम होती : उमेदवार अविवाहित पुरुष हवा.

या अटीच्या पाठीशी १९५०चा लष्कर कायदा उभा होता. त्याचं कलम १२ सांगतं की सरकार अधिसूचना काढून ज्या विभागांची नावं देईल, तेवढ्यांतच स्त्रियांना घेता येईल. म्हणजे नियम मनाईचा, आणि परवानगी हा अपवाद. १९९२ साली असा अपवाद झाला आणि मुली वैद्यकीय सेवेबाहेरही लष्करात अधिकारी होऊ लागल्या. पण आधी पदवी, मग चेन्नईची ओटीए ही प्रशिक्षण संस्था, आणि नोकरीही शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक वर्षांपुरतीच. तिच्याच वर्गातला मुलगा बारावी होताच ट्रंक घेऊन खडकवासल्याला निघायचा. ती कॉलेजचा फॉर्म भरायची.

[दृश्य : सर्वोच्च न्यायालयाची इमारत, वृत्तपत्रांची कात्रणं.]

१८ ऑगस्ट २०२१. न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि न्यायमूर्ती हृषिकेश रॉय यांच्या पीठानं अंतरिम आदेश दिला : मुलींना परीक्षेला बसू द्या. तयारीला वेळ हवा, मे २०२२ पासून घेतो, असं सरकारनं सांगितलं. न्यायालय म्हणालं, याच परीक्षेपासून. १४ नोव्हेंबरला ती झाली. संसदेत विधेयक आलं नाही, चर्चा नाही, मतदान नाही. बहात्तर वर्षांची अट एका अंतरिम आदेशानं गेली.

अर्ज भरणाऱ्या मुली पावणेदोन लाखांवर. लेखी परीक्षेतून सुमारे हजार पुढं गेल्या. जागा? एकूण ३७०. त्यांपैकी मुलींना लष्करात १०, हवाई दलात ६, नौदलात ३. एकोणीस. पेपर समान, पण निकालाआधीच कोणाला किती हे ठरलेलं. पुढच्या वर्षीही आकडा एकोणीसच आला, तेव्हा न्यायालयानंही विचारलं, पुन्हा तेवढ्याच का? सरकारनं सेवेच्या गरजेकडं बोट दाखवलं. त्यानंतर जागा थोड्या वाढल्या, नौदलात जास्त.

[दृश्य : ३० मे २०२५, खेत्रपाल मैदान, १४८ व्या तुकडीचं दीक्षान्त संचलन. इथं निवेदन नाही. बँड, बूट आणि हुकूम यांचा मूळ आवाज. ‘अंतिम पग’ ओलांडेपर्यंत.]

तीनशेहून अधिक कॅडेट, त्यांत एनडीएच्या पहिल्या १७ मुली. पुढचं प्रशिक्षण लष्कराचं डेहराडूनला, नौदलाचं एझिमलाला, हवाई दलाचं दुंडीगलला.

[दृश्य : पुन्हा वर्ग. मुली अर्ज भरताना.]

पायदळ, रणगाडा दल आणि यांत्रिक पायदळ या मुलींना अजून बंद आहे. एनडीएत कितीही गुण मिळवले तरी. ते खुलं करायला विधेयकसुद्धा लागत नाही. कलम १२ प्रमाणे सरकारची एक अधिसूचना पुरते.