गडावरची कॉफी

श्रोतेहो, नमस्कार. गडावर किंवा धरणाकाठी तंबू टाकला की सकाळी कॉफीची आठवण येतेच. तिला गाळणं लागत नाही, यंत्र लागत नाही. झाकणाचं पातेलं आणि गाळ खाली बसेपर्यंत दम धरणं, एवढंच लागतं.

अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडच्या सैनिकांना शिध्यात कॉफीच्या बिया मिळायच्या. बंदुकीच्या दस्त्याने बिया ठेचायच्या, पत्र्याच्या डब्यात उकळायच्या, गाळ बसला की प्यायचं. १७ सप्टेंबर १८६२. मेरीलँडमध्ये अँटिएटमच्या ओढ्याकाठी लढाई जुंपली होती. तेविसाव्या ओहायो पलटणीचे जवान भुकेने, तहानेने गळून गेले होते. पलटणीच्या कोठीवर एकोणीस वर्षांचा एक सार्जंट होता. हुकूम कुणाचाच नव्हता. तरी त्याने खेचरांच्या गाडीत गरम कॉफी आणि जेवण भरलं आणि गोळीबारातून गाडी थेट पलटणीपर्यंत नेली. प्रत्येक जवानाला कॉफी मिळाली, श्रोतेहो, प्रत्येकाला! त्या पोराचं नाव विल्यम मॅकिन्ली. १८९७ साली तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. १९०३ साली त्या रणभूमीवर त्याचं स्मारक उभं राहिलं. त्याच्यावर ‘गरम कॉफी’ हे शब्द कोरलेले आहेत. कोठी सांभाळणाऱ्याचा असा मान व्हायलाच हवा. पन्हाळ्याला गेलात तर अंबरखान्यासाठी, म्हणजे गडाच्या धान्यकोठारासाठीही वेळ काढा. गड लढतो तो धान्याच्या जोरावर.

तर कृती. २५० मिली पाण्याला १५ ग्रॅम पूड, या मापाच्या पुड्या घरूनच बांधून न्या. पूड रव्यासारखी जाडसर हवी. बारीक पूड लवकर बसत नाही. चिकोरीची नको, ती काळा रंग आणि कडवटपणा देते. पाणी झाकून उकळा, खाली उतरवा, मगच पूड घाला. आधी उतरवायचं, मग पूड. आचेवर उकळत राहिली की कॉफी कडू झालीच. ढवळून चार मिनिटं झाका. पुडीत वायू अडकलेला असतो, म्हणून वर थर तरंगतो. तो चमच्याने मोडा, दोन-तीन चमचे गार पाणी शिंपडा आणि दोन मिनिटं पातेल्याला हात लावू नका. मग अलगद ओता, तळचा घोटभर सोडा. दूध कपात, मागाहून.

कळसूबाईवर पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं, तिथे हेच माप चालतं. लडाखात साडेचार हजार मीटरवर ते ८५च्या जवळपासच उकळतं. तिथे १८ ग्रॅम पूड आणि सहा मिनिटं. शिवाय कडाक्याच्या थंडीत शेगडीचा निव्वळ ब्युटेन वायूचा डबा पेटता पेटत नाही. प्रोपेन मिसळलेला घ्या. वारा अडवा, पण डब्याला चारही बाजूंनी आडोसा करू नका, डबा तापून फुटू शकतो. आणि तंबूच्या आत शेगडी कधीही पेटवू नका, विषारी वायू साचतो.

चोथा गडावरच्या टाक्यात टाकू नका. ते पाणी लोक पितात. पिशवीत बांधा आणि खाली आणा.